पंचनामा तलाठ्याचा की पोलिसांचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी मागते. कापायचं झालं तर सुरुवातीचं माझं स्वतःचं कापा, पण दहशतवादी हल्ला आपत्ती धरायचा की नाही या व्याख्येबद्दलचं मधलं कृपा करून ठेवा, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले, वसई भागात राहते. नोकरीतली नऊ वर्षं नैसर्गिक आपत्तीचं टेबल माझ्याकडे होतं. पूर आला, वीज पडली, वादळात पत्रे उडाले की तलाठी पंचनामा करून आणणार, मंडळ अधिकाऱ्याची सही होणार, मग माझ्याकडे तक्ता भरायचा आणि जिल्ह्याला पाठवायचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्यानंतरचे दोन महिने आम्ही घरी फक्त झोपायला जात होतो. याद्यांमध्ये चुका झाल्या, काहींची नावं राहिली, लोक येऊन ओरडून गेले आणि त्यांचं ओरडणं बरोबरही होतं, पण एका गोष्टीवर कधी वाद झाला नाही, ती म्हणजे हे काम कोणाचं. पाणी घरात शिरलं की तलाठी जाणार. बस्स.

त्याला वर्ष पूर्ण व्हायच्या आत ११ जुलै २००६ आला. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून पुढच्या ११ मिनिटांत वेस्टर्न लाईनच्या सात लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८० च्या वर माणसं गेली, ८०० च्या आसपास जखमी झाली. रुळाच्या कडेच्या झोपड्यांमधले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले, त्या चादरींचे स्ट्रेचर करून माणसं उचलली, कोणी कोणाला जात-धर्म विचारला नाही, आणि त्याच रात्री उशिरा गाड्या परत सुरू झाल्या. हे सगळ्यांना माहीत आहे. मला पुढचं सांगायचंय.

आमच्या बिल्डिंगमधला एक जण त्यातल्या एका डब्यात होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. जीव वाचला, पण एका कानाचा पडदा पूर्ण गेला आणि दुसऱ्याने अर्धवट ऐकू यायचं. नोकरी काय, तर प्रायव्हेट कंपनीत फोनवर ऑर्डर घ्यायची. म्हणजे नोकरी गेलीच. त्याची बायको एक दिवस फाईल घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली ताई तुम्ही आपत्तीचं बघता ना, मागच्या वर्षी पुरात आमच्या भिंतीचा पंचनामा झाला होता, मग ह्यांच्या कानाचा कोण करणार? मी तिला घेऊन एका सरकारी कचेरीत गेले, तिथे सांगितलं हे आपत्तीत बसत नाही, हा गुन्हा आहे, पोलिसांकडे जा. पोलिसांकडे गेलो तर तिथला माणूस चांगला होता, बसवलं, पाणी दिलं, पण म्हणाला बाई, आमचा पंचनामा झालाय, तो कोर्टासाठी आहे, त्यात तुमच्या घरात आता काय शिजतं ते कसं येणार.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे बसलंय की आपल्याकडे पंचनामा हा शब्द एक आहे आणि कामं दोन आहेत. पोलिसांचा पंचनामा विचारतो कोणी केलं, कशाने केलं, पुरावा काय. तलाठ्याचा पंचनामा विचारतो कोणाचं काय गेलं, किती गेलं, घरात खाणारी तोंडं किती. पुराच्या वेळी दुसरा लगेच सुरू होतो. बॉम्ब फुटला की पहिला लगेच सुरू होतो, व्हायलाच पाहिजे, पण दुसरा नक्की कोणी, कधी, कुठल्या कागदाच्या आधाराने करायचा हे सरळ एका ठिकाणी लिहिलेलं नाही. आणि याचं मूळ माझ्या मते व्याख्येत आहे. आपल्याकडे दहशतवादाच्या व्याख्या भरपूर आहेत, पण बहुतेक शिक्षेसाठी. मदतीसाठी सगळीकडे चालेल अशी एकही नाही.

आता कायद्याकडे येते. मी वकील नाही, पण आयुष्यभर जीआर वाचलेत. त्सुनामीनंतर डिसेंबर २००५ मध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्यातली आपत्तीची व्याख्या वाचली तर ती खरं म्हणजे चांगली मोठी आहे. नैसर्गिक किंवा मानवनिर्मित कारणाने, अपघाताने किंवा हलगर्जीपणाने ओढवलेलं असं संकट की ज्यात मोठी जीवितहानी किंवा माणसांचे हाल होतात, मालमत्तेचं किंवा पर्यावरणाचं नुकसान होतं, आणि जे त्या भागातल्या लोकांच्या पेलण्याबाहेरचं असतं. मानवनिर्मित शब्द आहे म्हणजे बॉम्बस्फोट यात बसतो असं कोणीही साधा माणूस म्हणेल, मी पण वर्षानुवर्षं तसंच समजत होते. आणि हे काही नुसतं माझं समजणं नाही. त्या कायद्याच्या आधी १९९९ साली केंद्राने जे. सी. पंत यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली होती, तिने ३१ प्रकारच्या आपत्तींची यादी केली, त्यात पूर, भूकंप, साथीचे रोग यांच्याबरोबर साखळी बॉम्बस्फोट हा प्रकार स्पष्ट लिहिलेला होता. पुढे २००९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रासायनिक दहशतवादाच्या आपत्तीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंच काढली. म्हणजे तज्ज्ञ लोक हे आपत्तीच समजत होते.

पण पैसा व्याख्येवर चालत नाही, यादीवर चालतो. हे टेबलावर बसलेल्या माणसालाच कळतं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून खर्च करायचा तर आपत्ती यादीत पाहिजे, आणि ती यादी अशी: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, बर्फखंड कोसळणे, ढगफुटी, टोळधाड, थंडीची लाट. माझी तोंडपाठ होती. त्याशिवाय राज्याला आपल्या गरजेप्रमाणे निधीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते, म्हणून महाराष्ट्राने अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचं उधाण, आकस्मिक आग या आपत्ती आपल्या यादीत घेतल्या. फार चांगलं केलं, वीज पडून शेतात माणूस जाणं ही आपल्याकडे दर पावसाळ्याची गोष्ट आहे आणि आता अशा घरात चार लाख रुपये जातात, ते सुद्धा तपास बिपास संपायची वाट न बघता. दोन्ही याद्यांत हल्ला, स्फोट, दहशतवाद यातलं काही नाही. बाजारातल्या एका गल्लीत सिलिंडर फुटून दुकानं जळाली तर ती आग म्हणून बसवता येते, त्याच गल्लीत कोणी बॉम्ब ठेवून तीच दुकानं जळाली तर फाईल कुठल्या टेबलावर जाणार याचं उत्तर आजही त्या दिवशी कोण अधिकारी आहे त्यावर ठरतं. मी १३ जुलै २०११ चा विचार करते, झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर, तिन्ही गर्दीच्या जागा. झवेरी बाजारात जिथे स्फोट झाला ती खाऊगल्ली. हिरेवाल्यांकडे इन्शुरन्स असतो. गाडीवर भजी तळणाऱ्याकडे काय असतो?

आणि आता तर दार आणखी बंद झालंय, म्हणूनच हे पत्र. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली, लोकसभेत डिसेंबर २०२४ मध्ये आणि राज्यसभेत मार्च २०२५ मध्ये मंजूर झाली, एप्रिल २०२५ पासून लागू आहे. त्यात एक चांगली गोष्ट आहे की राज्याच्या राजधानीला आणि महानगरपालिका असलेल्या शहरांना स्वतःचं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण करता येईल, पालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर सगळ्यांना याची गरज होतीच. पण त्याच दुरुस्तीत आपत्तीच्या व्याख्येला एक स्पष्टीकरण जोडलंय की मानवनिर्मित कारणं म्हणताना त्यात कायदा-सुव्यवस्थेशी संबंधित परिस्थिती धरायची नाही. एवढंच एक वाक्य आहे. पेपरात याच्यावर फार चर्चा झाली नाही, मला तरी वाचायला मिळाली नाही.

कारण काय असेल ते मला कळतं. दंगल झाली, आंदोलन चिघळलं की प्रत्येक वेळी आपत्ती जाहीर करा अशी मागणी येईल आणि निधी तिकडे वळेल ही भीती असणार. पण मग दहशतवादी हल्ला कायदा-सुव्यवस्थेत येतो की नाही येत? याचं उत्तर त्या वाक्यात नाही. राममनोहर लोहियांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६५ साली निकाल दिला होता, त्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळं काढायला सांगितली, सगळ्यात मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आतलं छोटं राज्याच्या सुरक्षेचं. कायद्याचा अभ्यास करणारे विद्यार्थी आजही ही वर्तुळं शिकतात. आता बॉम्बस्फोट हा राज्याच्या सुरक्षेचा विषय धरला तर तो आतल्या वर्तुळात, पण आतलं वर्तुळ बाहेरच्याच्या पोटातच आहे ना! म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याने शब्दशः वाचायचं ठरवलं तर २६/११ सारखा हल्ला सुद्धा कायदा-सुव्यवस्थेची परिस्थिती म्हणून आपत्तीच्या बाहेर काढता येईल. दुसरा अधिकारी म्हणेल नाही, ही दंगल नाही, हे युद्धासारखं आहे, हे आपत्तीतच. दोघांचंही वाचन चालून जाईल. आणि ज्या हल्ल्यात १६६ माणसं मारली जातात त्या रात्री अधिकाऱ्यांना वाचन करायला लावणं हाच मुळात गुन्हा आहे असं मी म्हणते.

मुंबईत हा प्रश्न उगाच काढलेला नाही. १२ मार्च १९९३ ला एका दुपारी २५७ माणसं गेली. २००३ ला गेटवे आणि झवेरी बाजार, २००६ लोकल, २००६ आणि २००८ मालेगाव, २००८ सीएसटी, कामा, ताज, ट्रायडंट, नरिमन हाऊस, २०१० पुण्याची जर्मन बेकरी, २०११ परत मुंबई. जेवढे भूकंप आपण बघितले त्यापेक्षा जास्त स्फोट बघितले. किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्राने आपत्तीचे आराखडे करायला सुरुवात केली, देशात पुढे होतो आपण. त्याच १९९३ सालातले मार्चचे स्फोट मात्र टाडाच्या, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, फाईलमध्ये गेले आणि तिथेच राहिले, कोर्टाचा निकाल यायला सुरुवात झाली २००६ मध्ये.

आता कोणी म्हणेल व्याख्या आहेत की, यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्यं रोखण्याचा केंद्राचा कायदा आहे, मकोका आहे, नवीन न्याय संहिता आहे. त्या घ्या ना. तर त्या का चालत नाहीत ते सांगते. यूएपीएच्या कलम १५ मध्ये पहिली अट हेतूची आहे, देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, आर्थिक सुरक्षा, सार्वभौमत्व धोक्यात आणायचा किंवा लोकांमध्ये दहशत बसवायचा हेतू, किंवा तसं होण्याची शक्यता. नंतर साधनं, बॉम्ब, बंदूक, विषारी वायू, जैविक, किरणोत्सर्गी वगैरे. नंतर परिणाम. भारतीय न्याय संहितेचं कलम ११३ साधारण त्याच वळणाचं आहे, १ जुलै २०२४ पासून लागू, आणि केस यूएपीएत घालायची की ११३ मध्ये हे एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरवायचं. आपला राज्याचा मकोका १९९९ चा, तो संघटित गुन्हेगारीचा कायदा, त्यात दहशतवाद या शब्दाची व्याख्या नाही, बंडखोरीला चालना देणे असे शब्द आहेत, आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ते शब्द वैध ठरवले. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्यावर १२ हजारांच्या वर सूचना-हरकती आल्या होत्या, पण त्यात भर आहे तो संघटना बेकायदा ठरवण्यावर. यातलं प्रत्येक कलम आरोपीकडे बघतं. बघायलाच पाहिजे, माणसाला आयुष्यभर तुरुंगात टाकायचं किंवा फाशी द्यायची तर हेतू सिद्ध झालाच पाहिजे, तिथे घाई नको.

पण हेतू सिद्ध व्हायला किती वर्षं लागतात ते आपण २०२५ च्या एकाच महिन्यात बघितलं. २१ जुलैला मुंबई हायकोर्टाने लोकल स्फोटांच्या केसमधल्या सगळ्या १२ जणांना निर्दोष सोडलं, १९ वर्षांनी. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. ३१ जुलैला मालेगाव २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी सुटले, १७ वर्षांनी. निकाल बरोबर की चूक यात मी पडत नाही, तो माझा अधिकार नाही आणि या पत्राचा विषयही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कोर्टाने आरोपी सोडले म्हणून मेलेली माणसं जिवंत झाली का? कान परत आले का? मालेगावच्या निकालात तर कोर्टानेच मृतांच्या घरच्यांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार द्या असं सांगितलं, म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही तरी नुकसान झालं हे कोर्टाला मान्य आहे. मग हे १७ वर्षांनी कोर्टाने का सांगावं लागलं, १७ दिवसांत तहसीलदाराने का नाही?

सध्या जी मदत मिळते ती ठिगळं ठिगळं लावलेली आहे आणि प्रत्येक ठिगळाची व्याख्या वेगळी. रेल्वेत हल्ला झाला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे दहशतवादी कृत्य ही अनुचित घटना धरली जाते आणि चूक कोणाची हे न बघता भरपाई मिळते, मृत्यूला पूर्वी चार लाख होते, २०१७ पासून आठ लाख. हे कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. पण त्यात दहशतवादी कृत्य म्हणजे काय ते टाडाच्या कलम ३ वरून घेतलंय, आणि टाडा १९९५ सालीच संपला! संपलेल्या कायद्याची व्याख्या अजून रेल्वेच्या फाईलमध्ये जिवंत आहे. स्टेशनच्या हद्दीबाहेर रिक्षा स्टँडवर तोच स्फोट झाला तर हे कलम नाही. मग केंद्राची योजना आहे, दहशतवादी, जातीय आणि नक्षली हिंसाचारातल्या नागरिकांसाठी, २००८ पासून तीन लाख आणि २०१६ पासून पाच लाख, पण जखमी असेल तर अपंगत्व किमान पन्नास टक्के पाहिजे. आमच्या शेजाऱ्याच्या वेळी ही योजना नव्हतीच, पण असती तरी त्याचं सर्टिफिकेट ४२ टक्क्यांचं आहे. विमा कंपन्यांनी २००२ मध्ये दहशतवादाच्या जोखमीसाठी वेगळा सामाईक निधी (पूल) केला, तिथे राजकीय, धार्मिक, वैचारिक हेतूची व्याख्या. आणि २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना मारलं, त्यात सहा जण आपल्या महाराष्ट्रातले होते, डोंबिवली, पुणे, पनवेलचे. राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या घरच्यांना ५० लाख आणि नोकरीचा निर्णय घेतला. योग्यच केलं, त्या घरांवर जे आलं त्यापुढे कुठलीच रक्कम मोठी नाही. पण एका हल्ल्यात ५० लाख, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात कोर्टाने सांगितलेले दोन, ही तफावत का, तर नियम नाही म्हणून. ज्या हल्ल्याकडे देशाचं लक्ष असतं तिथे निर्णय होतो. मालेगावच्या भिकू चौकातल्या माणसाकडे कोणाचं लक्ष होतं?

यादीत एक ओळ घातली तर काय फरक पडतो हे कोविडने दाखवलंय. १४ मार्च २०२० ला केंद्राने निधीच्या कामासाठी कोविडला अधिसूचित आपत्ती धरलं. त्या एका ओळीमुळे पुढे लोक कोर्टात जाऊ शकले, ३० जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान मदतीची मार्गदर्शक तत्त्वं करणं हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं कर्तव्यच आहे, आणि मृतांच्या घरी पन्नास हजार गेले. रक्कम कमी होती हे मान्य, पण हक्क म्हणून गेले, कोणाच्या मर्जीने नाही.

आता कोणी विचारेल की हेतू काढून टाकला तर दहशतवादाची व्याख्या राहते का? राहते, आणि ती आपल्याकडे १९६८ पासून आहे. नागरी संरक्षण कायदा काढून बघा. त्यात शत्रुत्वाचा हल्ला या शब्दाची व्याख्या आहे, कोणाही व्यक्तीने किंवा गटाने, युद्धात, परकीय आक्रमणात, अंतर्गत अशांततेत किंवा एरवीही केलेला असा हल्ला की ज्याने देशात कुठेही जीव, मालमत्ता, जागा किंवा वस्तू धोक्यात येते. वाचा परत एकदा. हल्ला कोणी केला हे नाही, का केला हे नाही, धर्म नाही, विचारधारा नाही. काय घडलं आणि कोण धोक्यात आलं एवढंच. ७ मे २०२५ ला देशभर सायरनचं मॉकड्रिल झालं ते याच नागरी संरक्षणाच्या यंत्रणेतून. म्हणजे सायरन वाजवायला ही व्याख्या चालते, आणि सायरननंतर जे जखमी होतील त्यांना मदत द्यायला मात्र नाही! माझी भाची शिकागोजवळ असते, तिच्या इलिनॉय राज्याच्या आपत्तीच्या कायद्यात पूर, वादळ, साथ, सायबर घटना यांच्या रांगेतच देशांतर्गत दहशतवादी कृत्यं असं सरळ लिहिलंय. टेक्सासच्या कायद्यात स्फोट, दंगल, शत्रुत्वाची लष्करी किंवा निमलष्करी कारवाई हे सगळं आपत्तीच्या यादीत आहे. तिथलं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही, पण राज्य सरकारला स्वतःच्या कायद्यात हे लिहिता येतं आणि त्याने आकाश कोसळत नाही एवढं तरी दिसतं. आणि लांब कशाला, गुजरातने भूजच्या भूकंपानंतर २००३ मध्ये केंद्राच्या आधी स्वतःचा आपत्ती कायदा केला होता, त्यातही नैसर्गिक किंवा अन्य कारणाने घडलेली घटना असंच लिहिलंय.

मग महाराष्ट्राने काय लिहावं? मी माझ्या टेबलाच्या अनुभवावरून एक मसुदा करून बघितला, वकिलांनी सुधारावा. राज्यात कुठेही कोणी व्यक्तीने किंवा गटाने स्फोटक, शस्त्र, आग, विष, रसायन, जंतू, किरणोत्सर्गी पदार्थ, वाहन किंवा दुसऱ्या कुठल्याही साधनाने लोकांवर किंवा वीज, पाणी, रेल्वे, दवाखाना, फोन अशा सेवांवर हल्ला केला, त्यात माणसं दगावली किंवा जखमी झाली किंवा सेवा बंद पडल्या, आणि जिल्हाधिकारी किंवा पालिका आयुक्तांनी २४ तासांच्या आत तसं लेखी जाहीर केलं, तर तो मदत व पुनर्वसनाच्या कामापुरता दहशतवादी हल्ल्याची आपत्ती समजावा. जाहीर करताना हल्ला कोणी केला आणि का केला याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. तो कागद कुठल्याही फौजदारी खटल्यात कोणाच्याही विरुद्ध किंवा बाजूने पुरावा धरायचा नाही. आणि पुढे तपासात निघालं की हा दहशतवाद नव्हता, खंडणीची टोळी होती किंवा गोदामातला साठा फुटला, तरी दिलेली मदत परत मागायची नाही.

यातली शेवटची तीन वाक्यं मला पहिल्या वाक्याइतकीच महत्त्वाची वाटतात. कारण भीती मलाही आहे. कोविडमध्ये याच आपत्ती कायद्याच्या कलम ५१ खाली साध्या माणसांवर किती गुन्हे दाखल झाले ते आपण बघितलं. दहशतवाद हा शब्द आपत्तीच्या कायद्यात आला की उद्या कोणी म्हणेल, आपत्ती आहे, इंटरनेट बंद करा, मोहल्ला बंद करा, याला उचला. म्हणून नियमातच लिहा की या व्याख्येने पोलिसांना एकही नवीन अधिकार मिळत नाही. त्यांना लागणारे अधिकार त्यांच्या कायद्यांत आहेत. ही व्याख्या तलाठ्यासाठी आहे, दवाखान्याच्या कॅशियरसाठी आहे, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात १०७७ वर फोन उचलणाऱ्या मुलीसाठी आहे की जिला त्या क्षणी कळलं पाहिजे आपण पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफला, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला, आत्ता फोन करायचा की वरून आदेश यायची वाट बघायची. रासायनिक हल्ला असेल तर हा अर्धा तास म्हणजे सगळं काही. वारा कुठल्या दिशेला आहे, लोकांना कुठे पळू नका सांगायचं, कपडे कुठे काढायला लावायचे, अंगावर पाणी कुठे ओतायचं, हे पोलिसांचं काम नाही आणि त्यांनी ते करत बसूही नये, त्यांना त्यांचं काम करू द्या.

पैशांचं म्हणाल तर निधीच्या त्या १० टक्क्यांतून काही बसवता येईल का, की दुरुस्तीतल्या त्या वाक्यामुळे तिथेही अडणार, हे मदत व पुनर्वसन विभागाने लेखी सांगावं. अडत असेल तर राज्याच्या स्वतःच्या बजेटमध्ये वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, उघडावं, त्याला कोणी अडवलेलं नाही. ज्या वर्षी हल्ला होणार नाही त्या वर्षी आम्ही निरंक, म्हणजे काही घडलं नाही असा, अहवाल पाठवू, आणि निरंक अहवाल पाठवण्यासारखा आनंद त्या टेबलावर दुसरा नसतो. आणि अपंगत्वाची पन्नास टक्क्यांची रेघ काढून टाका. कान, डोळा, मनावरचा धक्का, हे टक्क्यांत मोजायचं तर त्या माणसाचं काम काय होतं ते आधी विचारा. फोनवर ऑर्डर घेणाऱ्याचे ४२ टक्के आणि माझे ४२ टक्के एक नाहीत.

आमचा शेजारी आता साठीला आलाय. नंतरची सगळी वर्षं त्याने नाक्यावरच्या एका दुकानात सामान बांधायचं काम केलं, पगार आधीच्या निम्मा, दोन मुलं त्याच्या बायकोने डबे करून शिकवली. लोकल स्फोटाचा निकाल टीव्हीवर लागला त्या दिवशी आवाज मोठा करून सुद्धा त्याला नीट कळलं नाही म्हणून त्याच्या मुलाने वहीवर लिहून दाखवलं. त्याने वाचलं आणि मला विचारलं, ताई, मग माझं नाव आता कुठल्याच यादीत नाही का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमचे मंत्रालयातले वार्ताहर रोज तिथे असतात. त्यांनी दोन ठिकाणी एकच प्रश्न विचारावा, एकदा गृह विभागात आणि एकदा मदत व पुनर्वसन विभागात: उद्या संध्याकाळी महाराष्ट्रात कुठेही स्फोट झाला तर जखमींची यादी कोणत्या विभागाचा माणूस करणार आणि कोणत्या नियमाखाली? दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापा.

आपली नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून, वसई